तिचं उत्तर, माझं अक्षर

मुलगी गेल्यावरही तिचा फोन मी बंद पडू दिला नव्हता. रोज सकाळी माझ्या फोनशेजारी तोही चार्जिंगला लावायचे. आमचे हे विचारायचे, "कशाला?" मी म्हणायचे, "असू द्या." एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. पहिल्या महिन्यात तिच्या मैत्रिणींचे फोन आले, नंतर नुसत्या जाहिराती. पाच महिन्यांनी, मार्चमधल्या एका दुपारी, हैदराबादेतल्या अंबरपेठच्या घरात मी मेथी निवडत बसले होते तेव्हा तो वाजला. पलीकडून एक बाई हिंदीत विचारत होत्या, एप्रिलमध्ये पेपर लिहायला येशील ना बेटा?

मी म्हटलं, मी तिची आई बोलतेय. मग पुढचं सांगितलं. ते वाक्य बोलताना दर वेळी मला समोरच्या माणसाचाच राग येतो, का विचारलंस म्हणून. पण या बाई "अरेरे" करत बसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तरीच. न सांगता न येणारी नव्हती ती."

दृष्टी नसलेल्या मुलांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायचं काम त्या करत. मुलांनी तोंडाने उत्तर सांगायचं, लेखनिकाने ते लिहायचं. आमची मुलगी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, सतरा वर्षांची, आणि अधूनमधून असे पेपर लिहायला जायची, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कॉलेजचं काहीतरी समाजसेवेचं असेल, सर्टिफिकेट मिळत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी सांगितलं, गौलीगुड्याची एक मुलगी आहे, ओपन स्कूलमधून हिंदी माध्यमात इंटर करते. मागच्या एप्रिलमध्ये तुमच्या मुलीने तिचे चार पेपर लिहिले, चारही सुटले. इतिहास तेवढा ऑक्टोबरला ठेवला होता. त्या दिवशी तुमची मुलगी आली नाही. ऐनवेळी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं, तिला हिंदी भरभर लिहिता येईना, अर्धा पेपर कोरा राहिला. आता त्या एका विषयापायी पोरीचा डिग्रीचा प्रवेश अडून बसलाय.

त्या दिवशी आमची मुलगी का गेली नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तिला ताप होता, तापाचा दुसरा दिवस. सकाळी आठला ती वेणी घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी. मी ती पिशवी हिसकावून कपाटावर टाकली. "मम्मी, शब्द दिलाय गं मी तिला," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी सोताचं बघ. जगाचं करायला तूच राहिलीस का? तिचं ती बघंल." मी तोंडाने फटकळ आहे, घरात सगळे ते हसण्यावारी नेतात. त्या दिवशी ती हसली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. ताप डेंग्यूचा निघाला आणि पुढच्या आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले होते, घरी ठेवलंत ते बरोबरच केलंत. ते मला पटतं. पण त्या परक्या मुलीचा पेपर गेला तो माझ्यामुळे, हेही खरंच होतं, आणि ते मनातून काढून टाकायला कुणी डॉक्टर नव्हता.

गेलेल्या माणसाच्या मागे काय करायचं हे आमच्याकडे तसं ठरलेलं असतं. आम्ही मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. जलदान विधी होतो, वर्षाने पुण्यानुमोदन होतं, ऐपतीप्रमाणे दान दिलं जातं. ह्यांनी विहाराला चार पंखे दिले. प्रत्येक पात्यावर लाल रंगात 'कालकथित', म्हणजे दिवंगत, आणि पुढे तिचं नाव. ते लिहायचं काम माझ्याकडेच आलं, कारण वस्तीत अक्षर माझं चांगलं. विहाराचा फळा वीस वर्षं मीच लिहिते. कालकथित हा शब्द मी आजवर कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नावांपुढे काढला असेल. तिच्या नावापुढे काढताना मी अक्षरांची उंची सारखी आहे का ते बघत बसले होते, दुसरं काही बघवत नव्हतं म्हणून. पंखे फिरायला लागल्यावर नाव दिसेनासं झालं. ह्यांना बरं वाटलं. दानाने पुण्य लाभतं म्हणतात, मला नुसता वारा लागला.

म्हणून बाईंचा फोन आल्यावर मी ह्यांना सांगितलं, त्या मुलीचा इतिहासाचा पेपर आपल्या घरातून लिहिला गेला पाहिजे. पिशवीचं सांगितलं नाही. ह्यांनी लगेच कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. "मी लिहितो," म्हणाले. हे एम. कॉम., बँकेत ऑफिसर. त्यांच्या वडिलांनी अर्धपोटी राहून शिकवलेलं, त्यामुळे आमच्या बैठकीत देवघराच्या जागी म्हणावं अशा ठिकाणी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, ह्यांच्या पदव्या टांगलेल्या आहेत. शिक्षणाने अडलेलं काम सुटतं यावर त्यांचा फार विश्वास.

नल्लकुंट्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बाईंची खोली होती. त्यांनी ह्यांना शिक्षण विचारलं. ह्यांनी घसा साफ करून सगळं सांगितलं, वर बँकेच्या परीक्षाही सांगितल्या. बाई म्हणाल्या, "सर, फिर तो आप नहीं लिख सकते." नियमच तसा आहे. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला पाहिजे, नाहीतर पेपर नक्की कोण लिहितंय हे कळायचं कसं? इंटरच्या पेपरला दहावी झालेलं माणूस चालतं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जास्त शिकल्याबद्दल त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी परत पाठवत होतं.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी इंटर नापास. इंग्रजीत राहिले, त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन हैदराबादला आले आणि पुन्हा म्हणून परीक्षेला बसले नाही. कुणी विचारलं तर "इंटरपर्यंत" म्हणते आणि विषय बदलते. मुलीलाही ती दहावीला जाईपर्यंत मी खरं सांगितलं नव्हतं. त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "दसवीं पास. इंटर फेल." बाई म्हणाल्या, "बस, आपही चाहिए." जिना उतरताना हे म्हणाले, "बघ, शेवटी तुझं नापास होणंच कामाला आलं." चिडवायला म्हणाले.

त्या मुलीला पहिल्यांदा भेटायला बाईंच्या खोलीवर जाताना मी मनात दया भरून घेऊन गेले होते. डब्यात शिरासुद्धा नेला होता. ती बावीस वर्षांची, चांगली उंच, गौलीगुड्याहून सिटी बसने एकटी आली. काठी घडी करून मांडीवर ठेवली, मी कोण ते ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आंटी, आप बीच में बोलते क्या?"

मी म्हटलं, "नहीं तो. क्यों?"

"आपकी बेटी बोलती थी, मेरी मम्मी किसी का पूरा सुनतेच नै."

मी हसले. पाच महिन्यांत मी लेकीच्या आठवणींना रडले होते, तिच्या खोडीला हसले नव्हते. ती कुणाकडे तरी माझ्या चहाड्या करत होती, म्हणजे अगदी चारचौघींसारखी मुलगी होती. शिरा आम्ही दोघींनी खाल्ला. तिला तो गोड जास्त वाटला, आणि तिने तसं सांगितलंही.

परीक्षेआधी तीन रविवार आम्ही सराव केला. तिने माझी परीक्षाच घेतली म्हणा ना. मी प्रश्न वाचायचा, तिने ऐकायचा, मग थोडा वेळ ती गप्प. त्या गप्प बसण्याचा मला आधी वैताग यायचा, वाटायचं येत नाही वाटतं. मग ती बोलायला लागायची आणि थांबायचीच नाही. पूर्णविराम, नवा परिच्छेद, मुद्दा क्रमांक, सगळं तोंडात तयार. दोन पानं झाली की म्हणायची, "आंटी, पहले पेज पे तीसरा पॉइंट है ना, उसका आख़री लफ़्ज़ काट के 'प्रशासन' लिखो." मी मागे उलटून बघायचे तर तिसऱ्या मुद्द्याचा शेवटचा शब्द बरोबर तोच असायचा. मी लिहिलेलं, माझ्याच हातातलं पान मला आठवत नसे आणि ते तिच्या डोक्यात ओळीनिशी उभं असे. आपण डोळस माणसं कागदावर लिहून ठेवतो आणि बिनधास्त विसरून जातो, तशी सवड तिला कधी मिळालीच नव्हती.

आणि हे सगळं आमच्या पोरीने बघितलं होतं. अशा बुद्धीसमोर ती तीन-तीन तास बसून आली होती. घरी येऊन वरणभात मागायची, "पेपर मस्त गेला" म्हणायची, आणि मी विचारायचे, "तुझा का लोकाचा?" तिने कधी समजावून सांगितलं नाही. कसं सांगणार? मी पुरं ऐकून घेतलं असतं का?

दर रविवारी मी ठरवून जायचे की आज पिशवीचं सांगायचं. त्या दिवशी ती तयार होती, मी तिला येऊ दिलं नाही, एवढी दोनच वाक्यं. दर रविवारी ती काठी उलगडून "चलती आंटी" म्हणायची आणि मी "संभाल के" म्हणायचे.

पेपरच्या दिवशी हे मला स्कूटरवर सोडायला आले आणि मुलगी पहिल्यांदा शाळेत निघाली तेव्हासारखे फाटकाशी घुटमळत राहिले. नल्लकुंट्यातल्याच एका कॉलेजचा वरचा हॉल होता. पेपर सुरू झाल्याची घंटा झाली आणि मी ऐकतच राहिले. माझ्या डोक्यात परीक्षा म्हणजे शांतता. इथे अख्खा हॉल बोलत होता. वीस-पंचवीस टेबलं लांब लांब मांडलेली, प्रत्येकाशी दोन माणसं, आणि प्रत्येक टेबलावरून एकच आवाज दबक्या सुरात येत होता. तेलुगू, उर्दू, इंग्रजी, हिंदी. एक पन्नाशीचा माणूस बोटांच्या पेरांवर मुद्दे मोजत सांगत होता. एक मुलगा मान वर करून, ओठ मिटून बसला होता आणि त्याचा लेखनिक पेन उचलून त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. विहारात वंदना सुरू असते तेव्हा जसा प्रत्येकाचा वेगळा आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो तसं काहीतरी ते होतं. मला हात जोडावेसे वाटले. भलत्या ठिकाणी म्हणून आवरले. माझी लेक इथे बसत होती, या आवाजात, आणि मी तिला विचारत होते लोकाचा का म्हणून.

चौथा प्रश्न मी वाचला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गौतम बुद्धांचं जीवन आणि उपदेश. आमच्याकडचं शेंबडं पोर या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवील. ती नेहमीसारखी गप्प राहिली, मग सांगायला लागली. लुंबिनी बरोबर, गृहत्याग बरोबर, बोधगया बरोबर. मग ती म्हणाली, "ज्ञान मिलने के बाद पहला उपदेश कुशीनगर में दिए."

माझा पेन थांबला.

पहिला उपदेश सारनाथचा. कुशीनगर म्हणजे महापरिनिर्वाण. मी दहा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी आम्हाला सारनाथला नेलं होतं. रेल्वेतले साधे कारकून, तीन वर्षं पैसे साठवून नेलं. तिथे पोचल्यावर ते आम्हाला म्हणाले होते, इथं तथागत पहिल्यांदा बोलले, चपला काढा. आम्ही आधीच काढल्या होत्या, तरी परत खाली बघितलं. ती जागा मी स्वतःच्या हाताने चुकीची लिहायची?

हात आपोआप बरोबर लिहून गेला, असं मला म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी विचार केला आणि लिहिलं, 'सारनाथ'. पुढे ती महापरिनिर्वाण सारनाथला म्हणाली तिथे 'कुशीनगर' लिहिलं. मला वाटलं, हिचं हिला परत देतेय. एक पेपर मी हिचा बुडवला, पाच मार्कांनी तरी तो भरून निघू दे. कुणाचं काय जाणार होतं?

या मुलांना थोडा वाढीव वेळ मिळतो. तिने सगळे प्रश्न संपवले आणि म्हणाली, आता चौथं उत्तर वाचून दाखवा. मी वाचायला लागले. त्या ओळीपर्यंत आल्यावर मला कळलं की मी वाचताना कुशीनगर म्हणू शकते. कागदावर सारनाथ, तोंडाने कुशीनगर. तिला दिसणार नाही, कुणालाच कळणार नाही. हे मला सुचलं आणि मी स्वतःलाच घाबरले. एवढ्या सहज सुचलं होतं ते. मी लिहिलं होतं तसंच वाचलं.

"रुको," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "मैं कुशीनगर बोली थी."

वाचून दाखवण्यापलीकडे मला बोलायची परवानगी नव्हती. पण आता तिला कळलं होतं. मी बौद्ध घरातली हे तिला माहीत होतं, आणि मी कुठला शब्द बदललाय तेही तिने ऐकलं होतं. नुसतं "हौ, ठीक है" म्हणाली असती तरी भागलं असतं. फार तर आपलाच विचार बदलला असं म्हणता आलं असतं, ते नियमातही बसलं असतं. पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला होते. तिच्यासमोर अख्खं वर्ष पडलेलं होतं आणि एका शब्दावर ते सुटणार होतं.

"काट दो," ती म्हणाली. "मैं जो बोली वोइच लिखो."

मी सारनाथवर आडवी रेघ मारली आणि वर कुशीनगर लिहिलं. खाली कुशीनगर खोडून सारनाथ लिहिलं. ती सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. विहारात, शिबिरात, व्याख्यानांत मी प्रामाणिकपणावर लहानपणापासून ऐकत आलेय. तो असा समोरच्या खुर्चीत बसलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि खोटं सांगत नाही, मला त्याची भीती वाटली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "सही क्या था? सारनाथ?" मी हो म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला. "पढ़ी थी मैं आंटी, पूरा उल्टा बोल दी," म्हणाली आणि हसली. मला वाटलं होतं ती चिडेल. तिची बस आली आणि ती चढून गेली. त्या दिवशीही मी काही सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. चार मार्कांनी राहिली. पाच मार्कांचा तो प्रश्न होता. बाईंनी फोनवर सांगितलं. त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. सारनाथ, कुशीनगर, आणि मग ती पिशवीही. तापाची सकाळ, कपाट, भिंतीकडे वळलेलं तोंड. हे ऐकत राहिले आणि म्हणाले, "पिशवी मीच खाली काढली कपाटावरून. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या मुलीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स होती आत." एवढे महिने त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. मी ह्यांच्यावर खूप रागावले, का विचारलं नाही म्हणून, आणि मग आम्ही दोघं एकमेकांजवळ बसून रडलो.

ऑक्टोबरात वर्ष झालं. पुण्यानुमोदन आम्ही घराच्या गच्चीवर केलं. भंतेजी आले, वंदना झाली, खीरदान झालं. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून दोन शब्द बोलायला लागला. हुशार होती, गुणी होती, हसतमुख होती, सगळ्यांची लाडकी होती. बोलणारे सगळे आपले, मनापासून बोलत होते, तरी मला आतून चीड यायला लागली. ती आळशी होती, उलटून बोलायची, मराठी वाचताना अडखळायची आणि चूक दाखवली की पुस्तक मिटून टाकायची. हे जे चाललं होतं ते कुणाच्याही मुलीबद्दल चाललं असतं. असं करत करत ती नाहीशी होणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. मी तिला बोलावलं नव्हतं. चार मार्कांनंतर बोलवायचं तोंडच नव्हतं मला. बाईंनी सांगितलं असावं. तिने विचारलं, मीही बोलू का? ह्यांनी तिला पुढे आणलं.

"मैं उसको देखी नै," ती म्हणाली. "सूरत मेरे कू मालूम नै. मैं सिर्फ़ उसके पेन की आवाज़ जानती. लिखने वालों के पेन मैं सुनते रहती. मैं ग़लत बोली तो उनका पेन रुक जाता. सब का रुकता. मेरे कू समझ जाता के कुछ गड़बड़ है, और दिल में आता के बदल दूँ. फिर वो मेरा जवाब नै रहता." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "एक पेपर में मैं एक जवाब पूरा ग़लत बोली. डेढ़ पेज. उसको सही आता था, बाहर आके उन्ने बोली मेरे कू. मगर उसका पेन एक बार बी नै रुका. लोगां मेरे पे बहुत रहम करते. उन्ने नै करी. मैं जो बोली वो लिखी, बस. इतनाच बोलना था."

गच्चीवर कुणालाच कळेना की मान डोलवायची की काय करायचं. एक मावशी पदर डोळ्याला लावता लावता थांबल्या. सतरा वर्षांची माझी पोर, माझ्याच पोटची, जिच्या आईला कुणाचं वाक्य पुरं होऊ देता येत नाही, ती दीड पान चुकीचं उत्तर न थांबता लिहीत गेली होती. हे तिला कुणी शिकवलं? आम्ही नाही शिकवलं. मी तिला वाढवलं, नऊ महिने पोटात ठेवलं, आणि ती माझ्यापेक्षा एवढी मोठी होती हे मला त्या गच्चीवर एका परक्या मुलीकडून समजत होतं. हुंदका आला तो दुःखाचा नव्हता, किंवा नुसता दुःखाचा नव्हता. माझी मुलगी त्या दिवशी मला पुरती दिसली.

ती निघाली तेव्हा मी तिच्या मागे जिन्यात गेले. वर पंगत बसत होती, जिन्यात आम्ही दोघीच. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी ती यायला तयार होती. पिशवी मी काढून घेतली. तुझा पहिला पेपर माझ्यामुळे गेला, आणि दुसऱ्याला माझा पेन थांबला, तुझं उत्तर मी बदललं, मग खाडाखोड झाली, तोही माझ्यामुळेच गेला.

तिने पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आंटी, मेरे सब फेल आप अपने नाम पे लिखा लेते क्या? एक तो मेरे वास्ते छोड़ो."

मी सवयीने मध्येच बोलायला गेले.

"फेल हुई तो मैं हुई," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात धार होती. "आप सारनाथ लिख देते तो पास कौन होता था?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकरची शिट्टी काढत होतं. ती काठी उलगडत होती. "अगले हफ़्ते हिस्ट्री है फिर से," ती म्हणाली. "आप आते ना?"

"माझा पेन थांबतो गं," मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं.

"हौ, मालूम. इस बार रोकना नक्को."

मी हो म्हटलं. जिना आमचा अरुंद आहे, वळणावर एक पायरी तुटलेली आहे, आणि ते सांगायला माझं तोंड उघडलं होतं, तिला धरायला हातही पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. ती काठीने पायरी चाचपत एकटी खाली उतरली.